‘कीडप्रतिकारक’ स्ट्रॉबेरी आणि जनुकीय नकाशा : रोपे घेण्यापूर्वीची माहिती

रोपांच्या बुकिंगसाठी येणारे अनेक बागायतदार ‘लाल कोळी (पानांतील रस शोषणारी बारीक कीड) न येणारे रोप आहे का’ असे विचारतात, आणि अलीकडे त्यासोबत जनुकीय नकाशाचाही, म्हणजे कोणते जनुक गुणसूत्रावर कोठे आहे हे दाखवणाऱ्या आराखड्याचाही, उल्लेख होऊ लागला आहे. या तंत्राने काय साधते आणि स्ट्रॉबेरीत अजून काय साधलेले नाही, हे आपणांस माहीत असावे म्हणून हे पत्रक काढले आहे.

बेरीवर्गीय पिकांत या कामाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ब्रिटनमधील रासबेरीचे आहे. तेथील रासबेरीवर येणारा मोठा मावा रस शोषतो, परंतु खरे नुकसान होते ते त्याने पसरवलेल्या विषाणूंमुळे. इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग येथील संशोधकांनी या माव्याला रोखणारी काही जनुके शोधली. त्यांपैकी ‘ए १’ हे ‘बॉमफोर्थ ए’ या जुन्या वाणातून, तर ‘ए १०’ हे काळ्या रासबेरीच्या ‘कंबरलँड’ वाणातून आले. पुढे २००७ साली ‘ए १’चे स्थान जनुकीय नकाशावर निश्चित करण्यात आले.

असा नकाशा तयार करताना प्रतिकारक आणि बळी पडणाऱ्या वाणांचा संकर करून रोपे वाढवतात, प्रत्येक रोपावर मावा सोडून तो टिकतो की नाही याची नोंद घेतात आणि त्याच रोपांच्या डीएनएवरील ठरावीक खुणा, म्हणजे मार्कर, तपासतात. जी खूण प्रतिकारक रोपांत जवळजवळ नेहमी आढळते आणि इतरांत आढळत नाही, ती त्या जनुकाच्या शेजारी असते. मग पुढच्या पिढ्यांत मावा न सोडताही कोवळ्या रोपाच्या पानावरून निवड करता येते. (येथे बीटी कापसाप्रमाणे बाहेरचे जनुक घातलेले नसते, हा साधा संकरच असतो.)

स्ट्रॉबेरीत हेच काम फार अवघड जाते. रासबेरीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच, एकूण १४ गुणसूत्रे असतात. बागेतल्या स्ट्रॉबेरीत आठ संच, एकूण ५६. त्यामुळे एकाच खुणेच्या मिळत्याजुळत्या प्रती अनेक ठिकाणी सापडतात आणि नेमकी कोणती प्रत उपयोगाची हे ठरवणे कठीण होते. आपल्या महाबळेश्वर-पाचगणी भागात परिचित असलेल्या ‘कॅमारोझा’ वाणाचा संपूर्ण जनुकसंच २०१९ साली प्रसिद्ध झाल्यापासून ही अडचण कमी झाली आहे. तरीही लाल कोळ्याचा प्रतिकार एका जनुकावर नव्हे, तर थोडाथोडा परिणाम करणाऱ्या अनेक जनुकांवर अवलंबून असतो. त्यामुळे ‘ए १’सारखी एकच खूण पाहून निर्णय देता येत नाही.

एकाच जनुकावर उभा असलेला प्रतिकार कायम टिकतो, असेही नाही. ब्रिटनमध्ये ‘ए १०’ असलेल्या रासबेरीवर वाढू शकणारा मावा १९९० च्या दशकात पसरला. स्ट्रॉबेरीत तर एका मातृरोपाच्या रनरपासून (जमिनीवर पसरणाऱ्या धाग्यासारख्या फांदीपासून) झालेली सर्व रोपे जनुकीयदृष्ट्या सारखी असतात. त्यामुळे कीड एका रोपावर टिकली की साऱ्या वाफ्यावर टिकते.

या कारणांमुळे आम्ही विकत असलेल्या कोणत्याही वाणाबद्दल लाल कोळी, मावा किंवा फुलकिडे येणार नाहीत अशी हमी देत नाही. वाणावाणांत प्रादुर्भाव कमीजास्त होतो हे खरे आहे आणि त्याविषयीचा आमचा अनुभव आपण विचारल्यास आम्ही सांगतो, पण पानांच्या खालच्या बाजूची भिंगाने नियमित पाहणी कोणत्याही वाणात टाळता येत नाही. अन्यत्र कोणी ‘नकाशावरून निवडलेले’ रोप जादा दराने देऊ केल्यास कोणत्या किडीसाठी, कोणत्या खुणेवरून आणि कोठे चाचणी झाली, हे लेखी मागावे. आमच्या बिलावर वाणाचे नाव आणि मातृरोपांचा पुरवठादार नमूद असतो. ‘कीडप्रतिकारक’ असा शेरा आम्ही लिहीत नाही.