फुप्फुसे व श्वसनी : सस्तन प्राण्यांतील तुलनात्मक रचना

माणूस व इतर सस्तन प्राण्यांच्या फुप्फुसांचा आराखडा मुळात एकच. फरक पडतो तो खंडांच्या संख्येत, श्वासनालेला (घशातून छातीत उतरणाऱ्या हवेच्या नळीला) फाटे फुटण्याच्या जागेत आणि नळ्यांना ताठ ठेवणारी कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचीक ऊती) कुठवर पोचते यात.

माणसाच्या उजव्या फुप्फुसाला ३ खंड, डाव्याला २. उजवी श्वसनी (श्वासनालेतून फुप्फुसात जाणारा फाटा) डावीपेक्षा आखूड, रुंद व अधिक उभी असल्याने श्वासात गेलेला शेंगदाणा बहुधा उजवीकडे अडकतो. सुमारे २३ वेळा फाटे फुटल्यावर वायुकोशांपाशी, म्हणजे हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपाशी, हा मार्ग संपतो. वायुकोशांचा एकूण पृष्ठभाग सुमारे ७० चौ.मी., म्हणजे ठाण्यातल्या टू बीएचके फ्लॅटएवढा भरतो.

तुलनेसाठी बोकडाच्या फेफड्याइतका चांगला नमुना नाही, आणि तो ठाणे-नवी मुंबईतल्या मटणाच्या दुकानात सांगून ठेवल्यास मिळतो. मात्र श्वासनाल न तोडता मागावा. नालेवरून बोट फिरवले की कूर्चेची कडी लागतात. मागची बाजू मऊ असते. नाल उभी चिरली, की दुभंगण्याच्या बरीच आधी उजव्या भिंतीत एक भोक दिसते. ही नालेतूनच निघालेली स्वतंत्र श्वसनी उजव्या फुप्फुसाच्या पुढच्या खंडाला जाते. गाय, मेंढी व डुकरातही ती असते. घोडा व कुत्रा यांच्यात नसते. माणसात ती क्वचित, जन्मजात भेद म्हणून आढळते. तेव्हा भूल देताना घातलेल्या नळीने तिचे तोंड झाकले गेले, तर उजव्या वरच्या खंडाला हवा मिळत नाही. कळव्याच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयात किंवा अन्यत्र मानवी शरीररचना शिकणाऱ्यांनी हे भोक एकदा तरी डोळ्यांनी पाहावे.

बोकड, गाय, कुत्रा यांना उजवीकडे हृदय व श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) यांच्यामध्ये एक जादा खंड असतो. माणसाची छाती रुंद व चपटी. हृदय श्वासपटलावरच टेकलेले, त्यामुळे तिथे जागा उरत नाही.

उंदराचे डावे फुप्फुस एकाच खंडाचे असते. वायुकोश असलेल्या श्वसनिका (श्वसनींचे बारीक फाटे) त्याच्यात जवळजवळ नसतात, आणि धूम्रपानाची सुरुवातीची इजा माणसात नेमकी तिथेच होते. उंदरावरचे निष्कर्ष म्हणूनच जपून वापरावे लागतात.

डॉल्फिनच्या फुप्फुसांना खंडच नसतात. माणसात कूर्चा श्वसनिकांपूर्वी संपते, डॉल्फिनमध्ये ती थेट वायुकोशांजवळ पोचते. खोल बुडी मारताना दाबाने वायुकोश आधी मिटतात, हवा या ताठ नळ्यांत ढकलली जाते आणि रक्तात नायट्रोजन कमी विरघळतो.