जाहीर टीका आणि शिस्तभंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

चळवळीतल्या एखाद्या कार्यकर्त्याने नेतृत्वाच्या निर्णयावर स्वतःच्या नावानिशी लेख लिहिला, की दोन दिवसांत त्याच्यावर ‘शिस्तभंग’, ‘पक्षविरोधी कारवाया’ आणि ‘गद्दारी’ असे तीन शिक्के बसतात. तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. मला याचा मनापासून संताप येतो, कारण या गोंधळात चांगली माणसं चळवळीबाहेर फेकली जातात.

शिस्तभंग म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक आहे. पक्षादेश मोडून मतदान करणं, अधिकृत उमेदवाराविरुद्ध बंडखोर उभा करणं, सर्वांनी मिळून ठरवलेलं आंदोलन ऐनवेळी फोडणं. त्यावर वाद नाही. घोळ होतो तो टीकेपाशी.

टीकेचा सूर कडक होता का, हा मुद्दा मी एका वाक्यात सोडून देतो. उद्धटपणा हा स्वभावदोष आहे, त्याचा निष्ठेशी संबंध नाही. ‘आत बोलायचं, बाहेर नाही’ हा सल्ला मात्र थोडा तपासून घ्यावा लागतो. आत बोलायला जागा असेल, बैठका वेळेवर होत असतील, इतिवृत्तात विरोधी मत नोंदलं जात असेल, तर आधी तिथे बोलावं, हे मलाही मान्य आहे. पण बहुतेक चळवळींत सभासदांची यादीही धड नसते. तिथे ‘आत’ म्हणजे चार माणसांची खोली, आणि त्या खोलीत कुणाला बोलवायचं हे तेच चौघे ठरवतात. मग ‘आत बोला’चा अर्थ ‘बोलूच नका’ एवढाच उरतो.

खरा फरक कुठे बोललात यात नाही, कसं बोललात यातही नाही. निर्णय चुकला असं म्हणणं वेगळं आणि त्या निर्णयाच्या अंमलबजावणीत आडवं येणं वेगळं. पहिली टीका, दुसरा शिस्तभंग. १९०६ मध्ये लेनिन यांनी हीच रेघ आखली होती : टीकेचं स्वातंत्र्य आणि कृतीची एकजूट. ठरलेल्या कृतीची एकजूट मोडत नाही तोवर टीका खुली, अगदी जाहीर सभेतही. पुढे मार्च १९२१ मध्ये त्यांच्याच पक्षाने अंतर्गत गटांवर बंदी घातली आणि ही रेघ पुसली गेली.

त्याच महिन्यात जर्मनीत कम्युनिस्ट पक्षाने उठाव केला आणि तो सपशेल फसला. पक्षाचे माजी अध्यक्ष पाउल लेवी यांनी लगेच एप्रिलमध्ये पुस्तिका काढून त्या साहसाची चिरफाड केली. पक्षाने त्यांना काढून टाकलं. लेनिन यांना लेवींची टीका बव्हंशी बरोबर वाटत होती, तरी त्यांनी हकालपट्टी मान्य केली, कारण शिस्त मोडली. कोणती शिस्त? उठाव संपला होता, थांबवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पकडलेल्या कार्यकर्त्यांवर खटले चालणार होते, त्यामुळे पुस्तिकेने त्यांना त्रास होईल हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पण तो घाईचा दोष झाला. शिस्तभंग त्यात मला दिसत नाही.

याच्या शेजारी १९३९ मधलं काँग्रेसचं प्रकरण ठेवा. सुभाषचंद्र बोस जानेवारीत १५८० विरुद्ध १३७७ मतांनी अध्यक्ष झाले, एप्रिलमध्ये त्यांना पद सोडावं लागलं. जूनमध्ये महासमितीने ठराव केला, की प्रांतिक समितीच्या परवानगीशिवाय कुणी सत्याग्रह करू नये. बोस यांनी याविरुद्ध ९ जुलैला देशभर निषेध दिन पुकारला. ऑगस्टमध्ये कार्यकारिणीने त्यांना बंगाल प्रांतिक समितीच्या अध्यक्षपदावरून दूर केलं आणि तीन वर्षं कोणत्याही निवडून येण्याच्या पदासाठी अपात्र ठरवलं. ठरावाविरुद्ध त्यांनी दहा लेख लिहिले असते तर ती टीकाच राहिली असती. पण ज्या समितीने ठराव पाळायचा तिच्याच अध्यक्षाने त्याविरुद्ध देशभर संघटित निषेध पुकारणं हे मला रेघेच्या पलीकडचं वाटतं. तीन वर्षांची शिक्षा अवाजवी होती, ही गोष्ट वेगळी. आणि शिस्तभंग मान्य केला तरी सुभाषबाबूंना स्वातंत्र्याच्या ध्येयाशी गद्दार कोण म्हणेल? म्हणजे शिस्तभंग आणि गद्दारी हीसुद्धा एक गोष्ट नव्हे.

पदाने फरक पडतो, हे इथेच लक्षात घ्यावं. ज्याच्या हाती अंमलबजावणी आहे त्याने उघड विरोध करायचा तर पद सोडावं. ब्रिटनचे मंत्री रॉबिन कुक यांनी मार्च २००३ मध्ये इराक युद्धाला विरोध म्हणून राजीनामा दिला, संसदेत उभं राहून कारणं सांगितली, आणि ते मजूर पक्षात अखेरपर्यंत राहिले. मंत्रिपद सोडलं, पक्ष सोडला नाही.

आपल्याकडचं मला सर्वांत जवळचं वाटणारं उदाहरण १९५४ चं. त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजा समाजवादी पक्षाचं सरकार असताना पोलिसांनी आंदोलकांवर गोळीबार केला. पक्षाचे सरचिटणीस राममनोहर लोहिया तेव्हा तुरुंगात होते. त्यांनी तिथून स्वतःच्याच सरकारचा राजीनामा मागितला. विरोधात असताना गोळीबारावर राजीनामे मागायचे आणि सत्तेत आल्यावर गप्प बसायचं, हे त्यांना पटेना. पक्षाने ऐकलं नाही. १९५५ संपेपर्यंत पक्ष फुटला आणि लोहियांनी वेगळा समाजवादी पक्ष काढला. पक्षाला त्याच्याच शब्दाची आठवण करून देण्यापलीकडे त्या मागणीत काही नव्हतं.

कायद्यालाही हा फरक कळतो. पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा. कर्नाटकातल्या अकरा भाजप आमदारांनी आपला विरोध मुख्यमंत्र्यांना आहे, पक्षाला नाही, असं राज्यपालांना कळवलं होतं. विधानसभाध्यक्षांनी त्यांना अपात्र ठरवलं, आणि मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. नेत्याला विरोध केला म्हणजे पक्ष सोडला असं होत नाही.

एक चीड अजून बोलून दाखवतो. नावानिशी लिहिणाऱ्याला गद्दार म्हणणारेच बैठकीतली माहिती ‘सूत्रां’च्या आडून बाहेर पुरवणाऱ्याकडे काणाडोळा करतात. माझ्या लेखी नाव झाकून केलेली कुजबुज सही केलेल्या कठोर लेखापेक्षा कैक पटींनी घातक आहे. सही असली तर उत्तर देता येतं.

राहता राहिला ‘ही वेळ नव्हे’ हा मुद्दा. १९१८ मध्ये जर्मनीतल्या क्रांतिकारक समाजवादी नेत्या रोझा लक्झेंबुर्ग तुरुंगात होत्या. रशियन क्रांतीवरची टीका आत्ता छापू नये, शत्रूच्या हाती कोलीत मिळेल, हे सांगायला त्यांचा एक सहकारी तुरुंगात जाऊन भेटला. तो सहकारी म्हणजे पाउल लेवी. रोझाबाईंनी तिथे बसून सविस्तर टिपण लिहिलं : छपाईचं आणि सभेचं स्वातंत्र्य दडपलं तर क्रांतीचाच जीव जाईल, असं बजावणारं. ते प्रसिद्ध झालं नाही. जानेवारी १९१९ मध्ये त्यांची हत्या झाली. टिपण लेवी यांनीच छापलं, स्वतः पक्षाबाहेर गेल्यावर, १९२२ मध्ये. ज्यांना सावध करायचं होतं त्या लेनिन यांच्या पक्षाने अंतर्गत गटांवर बंदीचा ठराव आदल्या वर्षीच करून टाकला होता.