'कोंबडी पळाली': मूळ गाणं, त्याची रूपं आणि नाशिकची वरात

'कोंबडी पळाली' हे केदार शिंदेंच्या 'जत्रा' सिनेमातलं गाणं. संगीत अजय-अतुलचं, शब्द जितेंद्र जोशीचे, आवाज आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांचे, पडद्यावर भरत जाधव नि क्रांती रेडकर. सिनेमाची स्टोरी विसरलेले लोक पण हे गाणं विसरलेले नाहीत, आणि त्यात आनंद शिंदेंच्या आवाजाचा मोठा हात आहे, कारण त्या आवाजाला लग्न, जत्रा, हळद यांची सवय आधीपासून होतीच.

पाच-सहा वर्षांनी, 26 जानेवारी 2012 ला 'अग्निपथ' लागला आणि तीच चाल 'चिकनी चमेली' होऊन देशभर गेली. हिंदी शब्द अमिताभ भट्टाचार्यचे, आवाज श्रेया घोषालचा, नाच कतरिनाचा. संगीतकार तेच अजय-अतुल, त्यामुळे चाल ढापली वगैरे ओरडायची सोयच नाही, घरचीच चाल घरच्यांनी वापरली. त्यात तो सिनेमा पण 1990 च्या 'अग्निपथ'चा रिमेक, म्हणजे रिमेकच्या पोटात रिमेक. महाराष्ट्राबाहेर हिंदीलाच ओरिजिनल समजणारे भरपूर आहेत आणि असं कोणी बोललं की मराठी माणूस जेवण सोडून वाद घालायला बसतो.

नाशिकमध्ये मात्र हा वाद वरातीत आपोआप मिटतो. कारण बँडवाल्यांकडे शब्दच नसतात. क्लॅरोनेट आणि ट्रम्पेटवर मुखडा उचलला की ती कोंबडी पण असते आणि चमेली पण, पुढे काय गायचं ते नाचणाऱ्याने ठरवायचं. नवरदेवाचे मित्र हिंदी ओरडतात, मामा-काका मंडळी मराठी ओरडतात, दोन्ही एकाच ओळीवर, आणि कोणाचं कोणाला अडत नाही. गाड्यावर माईक घेऊन गाणारा असेल तर तो बेरकी असतो, सुरुवात मराठीत करतो, गर्दीत कॉलेजची पोरं दिसली की हिंदीत शिरतो, परत मराठीत येतो. अंतरा बहुतेक वेळा गायबच, अंतऱ्यावर पाय थंड पडतात म्हणून मुखडाच तीन-चार वेळा फिरवायचा आणि मध्ये श्वास न घेता सरळ 'झिंगाट'वर उडी मारायची. बेंजो पार्टीत तर हे अजून सोपं, बटणं दाबायचा वेग वाढवला की त्याच चालीची अजून एक आवृत्ती तयार.

नाशिक ढोलाची गोष्ट वेगळी. ढोलावर चाल वाजत नाही, एका बाजूला टिपरू म्हणजे काठी, दुसऱ्या बाजूला हाताची थाप, वरून ताशाची तर्री. तरी हे पथकवाले गाण्याचा ठेका असा पकडतात की बघणारा मनातल्या मनात शब्द भरतो. हा ढोल एवढा लांब गेलाय की केरळातल्या उत्सवांमध्ये पण 'नाशिक ढोल' याच नावाने वाजतो. यूट्यूबवरच्या रिमिक्सवाल्यांनी तर नाशिक ढोल मिक्स हा प्रकारच करून टाकलाय, मूळ ट्रॅकखाली ढोल-ताशाचा लूप टाकायचा आणि गावाचं नाव लावायचं, बनवणारा भले कधी नाशिकरोड स्टेशनवर उतरलेला नसेल.

प्रत्येक रिमेक असा टिकत नाही. 'सैराट'मधलं 'झिंगाट' (2016) 'धडक'मध्ये (2018) हिंदीत आलं, गीतकार परत अमिताभ भट्टाचार्य, गायक तेच अजय-अतुल, वाजवणं पण जवळपास तेच. नेमकं तिथेच ते फसलं असं वाटतं, नुसते शब्द बदलले, मग मूळ सोडून ते कोणी का मागावं? वरातीत हिंदी झिंगाटची फर्माईश सहसा होतच नाही. उलट 'चिकनी चमेली'त दोघांच्या छेडाछेडीचं गाणं एका बाईच्या तोंडी गेलं, माहोल गुंडांच्या अड्ड्याचा झाला, गाण्याचा स्वभावच बदलला. म्हणून ती दोन्ही शेजारी शेजारी जगतायत.

गणपतीत हिशोब बदलतो. वाकडी बारवेपासून निघणाऱ्या विसर्जन मिरवणुकीत 'अग्निपथ'मधलंच अजय गोगावलेंनी गायलेलं 'देवा श्री गणेशा' हक्काचं, एकाच सिनेमाने नाशिकला मिरवणुकीचं आणि वरातीचं अशी दोन्ही गाणी पुरवलीत. रंगपंचमीला तिवंधा, शनि चौक वगैरे भागातल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाचे मोठे दगडी हौद, उघडतात, लोक धप्पा मारून रंगात उड्या घेतात, तिथे मात्र स्पीकरवर काहीही चालतं, कोंबडी, चमेली, मधूनच एखादं भीमगीत.

रात्री 10 नंतर आवाजाला बंदी, त्यामुळे पावणेदहाला वरात हॉलच्या गेटपाशी पोचली की शेवटची फर्माईश म्हणून हेच गाणं निघतं. वधूपक्ष घड्याळ दाखवत असतो, बँडमास्तर हाताने थांबा थांबा करत असतो आणि नवरदेवाचा एखादा मित्र शंभरची नोट त्याच्या टोपीत खोचून परत पहिल्यापासून सुरू करायला लावतो.