विमानाने माल निर्यात : सिक्युरिटी आणि डीजीचे नियम, खानदेशापुरते

विमानाने परदेशात माल पाठवायचा तर दोन वेगळ्या नियमांतून जावं लागतं. सिक्युरिटीचे नियम बघतात की खोक्यात कोणी मुद्दाम काही घातलेलं नाही ना, आणि डेंजरस गुड्सचे, म्हणजे सगळे ज्याला डीजी म्हणतात ते नियम बघतात की माल स्वतःच पेटणारा, गळणारा किंवा विषारी वाफ सोडणारा नाही ना. आपल्याकडे या दोन्हींची सरमिसळ होते, एक्स-रे पास झाला म्हणजे सुटलो असं बऱ्याच पार्ट्यांना वाटतं, पण एक्स-रे मधून डब्यातल्या द्रवाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे किती तापमानाला त्याची वाफ पेट घेईल ते, दिसत नाही.

भारतात सिक्युरिटी बीसीएएस या केंद्राच्या विमान सुरक्षा खात्याकडे आणि डीजी डीजीसीए या विमान वाहतूक नियंत्रकाकडे. डीजीसाठी केंद्राचे नियम आहेत, त्यांच्या मुळाशी आयकाओ या संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संस्थेचं परिशिष्ट १८, आणि रोजच्या कामात वापरतात ते आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेचं जाडजूड डीजीआर (डीजीचे नियम) पुस्तक, ज्याची नवी आवृत्ती दर १ जानेवारीला लागू होते. माल ९ क्लासमध्ये विभागलेला असतो: स्फोटकं, गॅस, ज्वलनशील द्रव, ज्वलनशील घन, ऑक्सिडायझर, विषारी, किरणोत्सारी, क्षरणकारी आणि उरलेलं सगळं ९ मध्ये. अशा प्रत्येक वस्तूला ओळखीसाठी चार आकडी युएन नंबर असतो.

खानदेशात यात अडकायला होतं ते नेमकं अशा मालात जो कोणाला धोक्याचा वाटतच नाही. जळगावात पीव्हीसी पाइप आणि ड्रिपचा मोठा धंदा आहे, परदेशी गिऱ्हाइकाला सॅम्पल पाठवताना फिटिंगबरोबर सॉल्व्हंट सिमेंटचा एक डबा सहज टाकला जातो, प्लंबर ज्याला सोल्युशन म्हणतो तेच, आणि तो डबा म्हणजे युएन ११३३, क्लास ३, ज्वलनशील द्रव. पॅकिंग ग्रुप २ चं, म्हणजे मध्यम धोक्याच्या गटातलं, असेल तर पॅसेंजर विमानात एका पॅकेजमध्ये जास्तीत जास्त ५ लिटर, कार्गो विमानात ६० लिटर, आणि साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात टेप मारून चालत नाही, डिक्लरेशन, लेबल, नियमात बसणारं पॅकिंग सगळं लागतं. पाइप सुरक्षित, फिटिंग सुरक्षित, पण एका डब्याने अख्खी कन्साइनमेंट थांबते. सरकी आणि कापसाच्या पट्ट्यातही तसंच आहे, तेल राहिलेली पेंड युएन १३८६ आणि तेलकट कापूस कचरा युएन १३६४ म्हणून क्लास ४.२ मध्ये येतो, म्हणजे आपोआप तापून पेटू शकणारा माल. गोदामात पेंडीची थप्पी आतून गरम होते हे इथल्या जुन्या हमालांना चांगलं माहीत असतं.

केळी बहुतेक समुद्रमार्गे न्हावा शेव्याहून जातात, त्यांना यातलं फार लागत नाही. विमानाने जाणाऱ्या भाजीत ड्राय आइस घातला तर तो युएन १८४५, क्लास ९, खोक्यावर निव्वळ वजन लिहायचं आणि गॅस बाहेर पडायला वाट ठेवायची, हवाबंद केलं तर खोकं फुटेल. जेल पॅकला हे लागत नाही.

बॅटरीचं मात्र मनावर घ्यावं. सुटी लिथियम आयन बॅटरी, युएन ३४८०, १ एप्रिल २०१६ पासून पॅसेंजर विमानात माल म्हणून बंद आहे आणि कार्गो विमानात चार्ज ३० टक्क्यांपेक्षा जास्त नको. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईजवळ एक कार्गो विमान पडलं, त्यात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता आणि दोन्ही वैमानिक गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये येमेनहून निघालेल्या प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये बॉम्ब सापडले, आणि तेव्हापासून कार्गोची तपासणी जगभर कडक झाली.

सिक्युरिटीत बीसीएएसची मान्यता असलेला रेग्युलेटेड एजंट (माल हाताळणारा) किंवा नोन कन्साइनर (माल पाठवणारा) असेल तर माल आधीपासून सुरक्षित राखलेल्या साखळीतून येतो. ती मान्यता नसलेल्या छोट्या निर्यातदाराचा माल मुंबईला टर्मिनलवर स्क्रीन होतो, दाट मालातून एक्स-रे नीट दिसलं नाही तर खोकं उघडतात किंवा स्फोटकाचे अंश तपासतात. जळगावहून मुंबईचा रस्ता चारशेहून जास्त किलोमीटरचा, म्हणून गाडीचं सील, ड्रायव्हरचं ओळखपत्र, वाटेत कुठे माल उतरवला का, हे सगळं नीट ठेवावं.

सगळ्यात जास्त गैरसमज जबाबदारीबद्दल आहे. सीएचए (कस्टमचं काम करणारा एजंट) किंवा फॉरवर्डर (माल पाठवायची सोय करणारा) कागद करतो खरा, पण डीजी डिक्लरेशनवर सही शिपरची, म्हणजे माल पाठवणाऱ्याची, आणि त्यातलं वर्गीकरण, पॅकिंग आणि मार्किंग बरोबर असल्याची हमीही त्याचीच, सही करणाऱ्याला डीजीचं प्रशिक्षण लागतं आणि ते दर २४ महिन्यांनी नवं करावं लागतं. म्हणून खोकं कारखान्यात बंद व्हायच्या आधीच सप्लायरकडून एसडीएस, म्हणजे मालाचं सुरक्षा माहितीपत्रक, मागवून त्यातला १४ वा भाग, म्हणजे वाहतुकीची माहिती, वाचायची. तिथे युएन नंबर, क्लास आणि पॅकिंग ग्रुप लिहिलेला असतो. माल मुंबईला पोचल्यावर हे कळलं तर तिथे ना पॅकिंग असतं ना माणूस, माल परत जळगावला आणावा लागतो आणि विमानातली जागा जाते.