गुळातला खडा नव्हे, दाढेतली चांदी

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिळाची वडी चावताना दाताखाली काहीतरी कचकन आलं. गुळातला खडा असेल म्हणून हातावर काढून पाहिलं, तर मुगाच्या दाण्याएवढा करडा तुकडा. एक बाजू चकचकीत, दुसरी काळपट. तोवर जीभ उजव्या दाढेवर पोचली होती आणि तिला तिथे विहीर सापडली होती. जिभेला अतिशयोक्तीची भारी हौस. आरशात पाहिलं तर खड्डाही मुगाएवढाच. दाढेत भरलेली जुनी चांदी, म्हणजे फिलिंग, निघून आली होती.

दुखत मात्र काहीच नव्हतं. फसगत होते ती इथेच. दुखत नाही, मग बघू पुढच्या महिन्यात.

दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असतं. फिलिंग निघालं की उघडं पडतं ते त्याच्या आतलं डेंटिन. ते मऊ आणि त्यात अतिसूक्ष्म नळ्या, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारोंनी, सगळ्या द्रवाने भरलेल्या. गार पाणी किंवा गोड पदार्थ लागला की हा द्रव सरकतो आणि त्याची खबर नसेला पोचते. तीच ती कळ. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी 1960च्या दशकात प्रयोगांनी याला आधार दिला. जुन्या भरलेल्या दाढेत या नळ्या हळूहळू बुजत जातात, म्हणून कळ येत नाही. क्वचित आतली नसच मेलेली असते. किडीला मात्र आपल्या दुखण्याशी देणंघेणं नसतं. तोंडातला सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागतं. डेंटिनला तेवढं आम्लही लागत नाही.

मुळात फिलिंग पडतं कशामुळे? चांदी दाताला चिकटलेली नसतेच. डॉक्टर खड्डा तळाशी थोडा रुंद कोरतात, त्या आकारात ती अडकून बसते. दातासारख्या रंगाचं कंपोझिट मात्र खरोखर चिकटवलेलं असतं: आम्लाने दात खरबरीत करायचा, त्या बारीक खाचांत रसायन मुरवायचं, मग निळ्या प्रकाशाने मसाला कडक करायचा. कडक होताना तो दोन-तीन टक्के आकसतो, आणि भरताना थुंकीचा ओलावा लागला तर पकड कच्ची राहते. दोन्हींचा नेहमीचा शत्रू एकच. कडेच्या फटीतून आत शिरलेली नवी कीड. वडी ही फक्त निमित्त. दाढ आतून आधीच पोखरली गेलेली असते.

तुकडा गिळला गेला तर घाबरू नका, तो पोटातून निघून जातो. गिळण्याऐवजी श्वासनलिकेत गेल्यासारखं वाटलं, ठसका थांबेना किंवा दम लागू लागला, तर तडक हॉस्पिटल गाठा. एरवी कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चूळ भरा, दुसऱ्या बाजूने चावा, आणि ब्रश त्या दाढेवरूनही हलक्या हाताने फिरवा. भीतीपोटी ती जागा सोडली की अन्न तिथेच कुजतं. चिक्की, चकली, सुपारी काही दिवस बंद. आणि दोन-चार दिवसांतली वेळ घ्या. भिंतीचा आधार गेलेली दाढ कडक घासाला उभी चिरते. चीर हिरडीखाली दाताच्या मुळापर्यंत उतरली तर बहुधा दाढ काढावीच लागते.

ठणका असेल तर एरवी तुम्हाला चालणारी पॅरासिटामॉलची गोळी घ्या, पण गिळून. हिरडीवर ॲस्पिरिन दाबून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. गोळी हिरडी भाजून पांढरी करते. लवंगेच्या तेलाने आराम पडतो, ती काही नुसती आजीची समजूत नव्हे. त्यातलं युजेनॉल नस बधिर करतं. झिंक ऑक्साइडमध्ये तेच कालवून दंतवैद्य तात्पुरतं सिमेंट बनवतात. दवाखान्यातला तो ओळखीचा वास त्याचाच. पण थेंबभर तेल कापसावर घेऊन नुसतं टेकवायचं, रात्रभर बोळा कोंबून ठेवायचा नाही, आणि डॉक्टरांना सांगायचं, कारण युजेनॉल राहिलं तर कंपोझिट नीट कडक होत नाही. फेव्हिक्विकचा विचारही नको. पडलं ते फिलिंग नसून कॅप असेल तर ती जपून न्या, पुष्कळदा तीच परत बसते.

गार पाण्याची कळ क्षणात विरली तर नस बहुधा शाबूत. कळ मिनिटभर रेंगाळत असेल, रात्री ठणक्याने जाग येत असेल, तर रूट कॅनॉलची तयारी ठेवा. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा घास गिळवेना, तर मात्र उद्यावर टाकू नका.

मी चौथ्या दिवशी गेलो. डॉक्टरांनी आरशात खड्ड्याचा तळ दाखवला: तपकिरी, ओल्या चामड्यासारखा. हत्याराने खरवडताच पापुद्रे सुटले. मी खिशातून कागदाची पुडी काढली. चांदी आहे म्हणून तुकडा जपून ठेवला होता. ते हसले. वजनाने निम्मा पारा, उरलेल्यात चांदी, कथील, तांबं. सोनार विचारणार नाही म्हणाले. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2025पासून, काही अपवाद वगळता, हे मिश्रण दातांत भरणंच बंद केलंय. पुडी केराच्या टोपलीत न टाकता त्यांनी झाकणाच्या एका बरणीत टाकली. बरणी अर्धी भरलेली होती.