प्रायोगिक संगीतातील अतितीव्र ध्वनी

श्रोत्याच्या सहनशक्तीच्या काठापर्यंत, कधी त्यापलीकडेही ध्वनिपातळी नेणारी सादरीकरणाची पद्धत. कानठळ्या बसणे, छातीत हादरे जाणवणे, उठून जावेसे वाटणे हे येथे फसलेल्या प्रयोगाचे लक्षण नसते. रचनाकाराने ते गृहीतच धरलेले असते.

उगमाबद्दल एकमत नाही. अनेक जण तो लुईजी रुस्सोलो या इटालियन फ्यूचरिस्टापर्यंत (यंत्रयुगाचा गौरव करणाऱ्या कलाचळवळीतील कलावंतापर्यंत) मागे नेतात. त्याचा गोंगाटाच्या कलेवरील जाहीरनामा 1913 चा; 1914 मध्ये मिलान येथील त्याच्या कार्यक्रमात हाणामारी झाली. मात्र त्याची 'इंतोनारुमोरी' ही वाद्ये म्हणजे कर्णा बसवलेल्या, बहुतांशी दांडा फिरवून वाजवायच्या पेट्या होत्या. विजेचे ध्वनिवर्धन त्यांना नव्हते. श्रोते बिथरले ते नादाच्या जातीमुळे, पातळीमुळे नव्हे, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. म्हणून खरा आरंभ 1960 नंतरच्या अमेरिकेत, संगीतकार ला माँटे यंग व रॉबर्ट अ‍ॅशली यांच्याकडे शोधावा लागतो. अ‍ॅशलीच्या 'द वुल्फमन' (1964) मध्ये मायक्रोफोन ओठांना जवळजवळ टेकवून फीडबॅक (ध्वनिवर्धकाचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरून उठणारी शीळ) सुरू ठेवतात आणि तोंडाच्या पोकळीचा आकार बदलून तो वळवतात. आवाज मोठा काढला तर फीडबॅक दबतो, म्हणून गायकाला हळूच गावे लागते. श्रोत्यांना मात्र तो किंचाळतो आहे असेच वाटते. पुढे जपानमध्ये मर्झबाउ या गोंगाटसंगीताच्या प्रकल्पाने (1979 पासून) ही वाट रुळवली.

कानाच्या दृष्टीने पातळीइतकाच कालावधी महत्त्वाचा. 85 डेसिबलला 8 तास ही मर्यादा धरली, तर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो : 100 ला 15 मिनिटे, 109 ला दोन मिनिटांहून कमी. मधल्या कानातील स्नायू आवाज वाढताच आखडतो, पण त्याला काही क्षण उशीर होतो. अचानक आलेला तडाखा तोवर आत पोचलेला असतो.

पुणेकरांना हा अनुभव सभागृहापेक्षा विसर्जन मिरवणुकीतून अधिक परिचित आहे. लक्ष्मी रस्त्यावरील चौकांत सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी घेतात त्या मोजणीत काही वर्षी सरासरी 100 डेसिबलच्या पुढे गेली आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा 55, रात्रीची 45 आहे. ताशाची तडतड कान सर्वाधिक हळवा असतो त्या पट्ट्याच्या जवळ जाते, ढोलाचा घुमारा खालच्या पट्टीत राहतो, आणि पेठांतील समोरासमोरच्या भिंती दोन्ही परत फेकतात. हेतू अर्थातच निराळा, आणि गल्लीतून बाजूला होता येते. बंद सभागृहात तशी सोय नसते.

मोजणीत नेहमीची चूक 'ए' भारांकनाची, म्हणजे कानाच्या संवेदनशीलतेनुसार वेगवेगळ्या पट्ट्यांना कमी-अधिक वजन देणाऱ्या मोजपद्धतीची. 50 हर्ट्झला ते सुमारे 30 डेसिबल वजा करते; खर्जप्रधान प्रयोगात आकडा फसवा येतो, म्हणून खर्ज फारसा न वगळणारे 'सी' भारांकनही नोंदवावे. मोबाइलचा मायक्रोफोन त्याच्या क्षमतेपलीकडच्या मोठ्या आवाजाचे शिखर कापून टाकतो व पातळी कमी दाखवतो. कापसाचे बोळे जेमतेम काही डेसिबल अडवतात. फोमचा बोळा बारीक वळून, कानाचा वरचा भाग वर ओढून आत सारावा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. अर्धवट बसलेला बोळा वरच्या पट्ट्या अडवतो, खर्ज मात्र आत सोडतो.