पिकअपचा स्पार्क प्लग : ठिणगीइतकाच उष्णतेचा प्रश्न

अमेरिकेत 2004 ते 2008 या वर्षांतल्या अनेक फोर्ड एफ-150 पिकअप ट्रकांमध्ये 5.4 लिटरचे ‘ट्रायटन’ व्ही-8 इंजिन बसवलेले होते, ज्यात प्रत्येक सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह असतात. या इंजिनाचे स्पार्क प्लग बदलायचे म्हटले की अनुभवी मेकॅनिकही आढेवेढे घेतो, कारण जुना प्लग सोडवताना त्याचा वरचा भाग हातात येतो आणि खालची पोलादी नळी इंजिनाच्या हेडमध्येच, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणासारख्या भागातच, अडकून राहण्याची भीती असते. एवढ्याशा सुट्या भागाने असा घोळ का घालावा, हे नीट पाहिले म्हणजे कोणत्याही पिकअपसाठी प्लग कसा निवडावा, तेही उलगडत जाते.

प्लगचे डोळ्यांना दिसणारे काम ठिणगी पाडण्याचे. त्याचे दुसरे काम उष्णता सांभाळण्याचे असते आणि प्लग निवडताना नेमके तेच विसरले जाते. प्लगच्या टोकाचे तापमान साधारण 500 अंश सेल्सिअसच्या पुढे राहिले, तर त्यावर बसणारी काजळी आपोआप जळून जाते. त्याखाली राहिले तर काजळी साचते, वीज प्लगच्या टोकाच्या दोन इलेक्ट्रोडमधली फट ओलांडण्याऐवजी त्या काजळीवरून निसटते आणि इंजिन ‘मिस’ मारू लागते, म्हणजे ठिणगी हुकून अडखळते. उलट तापमान 800 अंशांच्या बरेच वर गेले, तर तापलेले टोकच ठिणगीची वाट न पाहता इंधन आणि हवेचे मिश्रण पेटवते आणि अशा अवेळी ज्वलनाने पिस्टनला भोकही पडू शकते. टोक या दोन मर्यादांमध्ये ठेवण्याचे काम आतल्या चिनी मातीच्या निमुळत्या भागाच्या लांबीवर अवलंबून असते : लांब भागातून उष्णता हेडकडे सावकाश जाते, म्हणून तो ‘गरम’ प्लग, आणि आखूड भागाचा तो ‘थंड’. ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकला थंड प्लग बरा, असा सल्ला हमखास मिळतो. पण इंजिनात काही फेरफार केलेला नसेल तर निर्मात्याने सांगितलेलाच प्लग घ्यावा, कारण जास्त थंड प्लग रोजच्या जवळच्या फेऱ्यांमध्ये काळाकुट्ट होतो. दुकानात आणखी एक घोटाळा होतो. एनजीके आणि डेन्सो यांच्या प्लगवरचा आकडा वाढला की प्लग अधिक थंड असतो, तर बॉश आणि चॅम्पियन यांच्याकडे तो अधिक गरम असतो.

धातूची निवड त्या मानाने सोपी आहे. निकेल 1455 अंशांना वितळते, तर इरिडियमला सुमारे 2446 अंश लागतात. म्हणून निकेलचा मधला इलेक्ट्रोड अडीच मिलिमीटरच्या आसपास जाड ठेवावा लागतो, पण इरिडियमचे टोक अर्ध्या मिलिमीटरइतके बारीक करता येते. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते आणि असा प्लग लाखभर किलोमीटर टिकतो. धडधाकट इंजिनाची ताकद मात्र त्याने वाढत नाही, जाहिरातीत काहीही म्हटलेले असो.

दीर्घायुष्याची दुसरी बाजू ट्रायटनमध्ये दिसली. तिथे प्लग बदलण्याचा टप्पा एक लाख मैलांचा, म्हणजे सुमारे 1,60,000 किलोमीटरचा होता. प्लगचे आटे संपल्यावर एक लांब नळी हेडमधल्या अरुंद भोकात उतरत असे, आणि ती नळी वरच्या भागाला केवळ दाबून जोडलेली होती. नळी आणि भोक यांच्यातल्या फटीत वर्षानुवर्षे कार्बन धरला, नळी पक्की रुतली आणि पान्याचा पीळ पडताच तो जोडच सुटू लागला. यावर फोर्डने सांगितलेली रीत सबुरीची आहे : इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, प्लग जेमतेम पाव फेरा सैल करावा, त्याच्या खळग्यात कार्ब्युरेटर क्लीनर सोडून निदान 15 मिनिटे थांबावे आणि मग प्लग मागे-पुढे फिरवत हळूहळू काढावा. पुढे इतर उत्पादकांनी एकसंध कवचाचे प्लग बाजारात आणले. माझ्या मते अशा इंजिनासाठी तेच घेणे शहाणपणाचे आहे.

नवा प्लग बसवताना हेड ॲल्युमिनियमचे आहे, याचे भान ठेवावे लागते. आधी खळग्यातली धूळ हवेने उडवावी आणि सुरुवातीचे फेरे हातानेच द्यावेत; आटे तिरके चढले आणि तरीही पाना लावला, तर हेडचे आटे गेलेच म्हणून समजावे. शेवटचा पीळ टॉर्क रेंचने, म्हणजे पिळाचा जोर मोजणाऱ्या पान्याने, द्यावा. ट्रायटनसाठी तो 34 न्यूटन-मीटर आहे. आटे चिकटू नयेत म्हणून लावायची वंगणासारखी पेस्ट ट्रायटनमध्ये फक्त त्या नळीवर लावतात, आट्यांवर नाही, कारण आटे निसरडे झाले की रेंचवरचा आकडा तोच राहूनही प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो.

आपल्याकडचे मोठे पिकअप बहुतांशी डिझेलवर चालतात आणि त्यांना स्पार्क प्लग नसतोच. पण सीएनजीवरच्या छोट्या मालवाहू गाड्यांना तो असतो आणि तिथे त्याची परीक्षाही कडक असते. सीएनजी आणि हवेचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, आणि इंजिनाच्या सिलिंडरमधला दाब वाढला की ही गरज आणखी वाढते. वापराने इलेक्ट्रोड झिजून फट रुंदावली की ठिणगी आधी हुकते ती भरल्या गाडीने चढ चढतानाच. म्हणून पेट्रोलवर बिनतक्रार चालणारी गाडी सीएनजीवर घाटात मिस मारू लागली, तर गॅस किटला बोल लावण्यापूर्वी प्लग काढून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजावी.